दाताची कळ : तिचा अर्थ आणि शिक्षकाचे कर्तव्य

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत वाचावयाचे भाषण)



मूल शाळेत आले नाही की हजेरीपटावर एक खूण होते. त्या खुणेमागे ताप आहे, शेतावरचे काम आहे की धाकट्या भावंडाला सांभाळणे आहे, हे पट सांगत नाही. ताप आला असेल तर पालक येऊन सांगतात. पाहुणे आले असतील तर मूल स्वतःच सांगते. दात दुखत होता म्हणून आलो नाही, असे मात्र क्वचितच ऐकू येते. कारण दातदुखी हा एक आजार आहे असे खेड्यातील पुष्कळ घरांतून मानलेच जात नाही. दात दुखतो, कळ मारतो, एखादी रात्र रडण्यात जाते आणि मग दुखणे थांबते. थांबले की घरचे विसरतात, मूल विसरते आणि शाळाही विसरते. हे विसरणे किती महाग पडते, याचा विचार या भाषणात करावयाचा आहे.

थोड्याफार फरकाने कोणत्याही शाळेत घडणारा एक प्रसंग प्रथम पाहावा.

तिसरीच्या वर्गातील एक मुलगी. वय आठ संपून नववे लागलेले. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत माठातील गार पाणी पिताना तिने एकाएकी डोळे मिटले व उजव्या गालावर हात दाबला. गुरुजींनी विचारले, "काय ग, काय झाले?" ती म्हणाली, "काही नाही गुरुजी, दाढेत कळ आली. गेली पण." गुरुजी वर्गात गेले, मुलगीही गेली.

दसऱ्याच्या सुमारास तिने जेवताना उजव्या बाजूने चावणे सोडले. पोषण आहाराची खिचडी ती डाव्या बाजूने हळूहळू खाई व सर्वांच्या मागून उठे. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती डोळे तारवटलेले. रात्रभर दाढ ठणकत होती आणि आजीने दाढेत मिश्री दाबून भरली होती. आणखी आठवडाभराने दुखणे आपोआप थांबले. पारावर भेटलेल्या गुरुजींना आजीने समाधानाने सांगितले, "गुरुजी, पोरीची दाढ बरी झाली बघा. मिश्रीनं कीड मेली. आता कळ न्हाई की काय न्हाई." गुरुजींनाही बरे वाटले.

संक्रांतीनंतर एका सकाळी ती मुलगी शाळेत आली तेव्हा उजवा गाल जबड्याखालपर्यंत सुजला होता. अंगात ताप होता आणि तोंड दोन बोटांपेक्षा अधिक उघडत नव्हते. गुरुजींनी तिच्या वडिलांना शेतावरून बोलावून आणले व त्याच दुपारी तिला तालुक्याच्या रुग्णालयात नेले. दंतवैद्यांनी पू काढला, औषधे दिली आणि सूज उतरल्यावर दाढ उपटावी लागली. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दुधाचीच दाढ होती नव्हं? पुन्हा येईल." दंतवैद्य म्हणाले, "नाही. ही कायमची दाढ होती. पुन्हा येणार नाही."

सहाव्या वर्षी आलेली आणि जन्मभर पुरावयाची दाढ नवव्या वर्षी गेली. जून ते जानेवारी या काळात त्या दाढेने वेळोवेळी निरोप पाठवले होते. ते कोणास वाचता आले नाहीत, एवढाच दोष. आजीची माया कमी नव्हती व गुरुजींची कळकळही कमी नव्हती. उणीव होती ती कळेचा अर्थ जाणण्याची.

दाताची घडण

हा अर्थ कळण्यासाठी दाताची घडण थोडक्यात ध्यानात घ्यावी. हिरडीच्या वर दिसणाऱ्या दाताचे तीन भाग असतात. सर्वांत वरचे कवच म्हणजे इनॅमल. मानवी शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. त्यात चेतातंतू नसतात. म्हणून कीड केवळ इनॅमलमध्ये असेतोवर मुळीच दुखत नाही. इनॅमलच्या खाली डेन्टिन नावाचा पिवळसर थर असतो. तो हाडासारखा असला तरी भरीव नसतो. त्यात केसाहूनही कितीतरी बारीक अशा असंख्य नळ्या असतात; एका चौरस मिलिमीटरच्या जागेत त्या हजारोंनी मोजाव्या लागतात. या नळ्यांत द्रव भरलेला असतो. सर्वांच्या आत मध्यभागी दाताचा मगज असतो. रक्तवाहिन्या व चेतातंतू त्यातच असतात आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक वाटेने ते जबड्याशी जोडलेले असतात.

कवच शाबूत आहे तोवर आतील नळ्या झाकलेल्या असतात. कीड लागून कवचाला भोक पडले, दात झिजला, त्याचा टवका उडाला किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले, म्हणजे या नळ्यांची तोंडे उघडी होतात. मग गार पाणी, गोड पदार्थ किंवा नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी नळ्यांतील द्रव हलतो व त्या हालचालीने मगजाजवळचे चेतातंतू चाळवतात. क्षणात कळ येते, क्षणात जाते. स्वीडनमधील दंतशास्त्रज्ञ ब्रेनस्ट्रम यांनी 1960 नंतरच्या दशकात प्रयोग करून ही उपपत्ती दृढ केली व आज ती सर्वत्र मान्य आहे.

आता कीड म्हणजे काय, हेही येथेच सांगितले पाहिजे; कारण मराठीत 'दात किडला' असे म्हणताना पुष्कळांच्या मनासमोर खरोखरीचा किडा येतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखवणारे लोक जत्रांतून फिरत, ते याच समजुतीवर. ही समजूत केवळ या देशातील नव्हे. युरोपातही ती शतकानुशतके होती. फ्रेंच दंतवैद्य पियेर फोशार यांनी 1728 साली आपल्या ग्रंथात दातातील किड्याची कल्पना अमान्य केली. पुढे 1890 साली मिलर या शास्त्रज्ञाने तोंडातील सूक्ष्म जंतूंवर ग्रंथ लिहून खरे कारण मांडले. दातांवर साचलेल्या चिकट थरात जंतू राहतात. साखर व पीठ यांचे कण त्यांना मिळाले की ते आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताचे कवच हळूहळू विरघळवते. डोळ्यांना दिसेल असा किडा दातात नसतो. म्हणून मिश्रीने, धुरीने किंवा तंबाखूने तो मरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कळ वाचावी कशी

शिक्षकाला दात तपासण्याची विद्या नको. परंतु चार प्रश्न विचारण्याची सवय मात्र हवी. कळ कशाने येते? किती वेळ टिकते? आपोआप येते काय, विशेषतः रात्री? आणि एका दातावर बोट ठेवून दाखवता येते काय? या चार उत्तरांवरून दुखणे कोणत्या पायरीवर आहे याचा अंदाज बांधता येतो.

पहिली पायरी : गार, गोड किंवा आंबट लागताच कळ येते आणि ते दूर होताच काही क्षणांत जाते. याचा अर्थ आतील नळ्या उघड्या पडल्या आहेत, परंतु मगज बहुधा निरोगी आहे. दात वाचवण्याची सर्वांत चांगली वेळ हीच होय. कीड असेल तर ती कोरून भोक भरणे एवढे काम बहुधा एकाच खेपेत होते. धावपळ करण्याचे कारण नाही, पण एकदोन आठवड्यांत दंतवैद्याकडे जावे. माठापाशी त्या मुलीला आलेली कळ या पायरीवरची होती.

दुसरी पायरी : कळ येते ती लवकर जात नाही. गार पाणी गिळून झाले तरी अर्धा मिनिट, एक मिनिट, कधी त्याहूनही अधिक दाढ ठणकत राहते. गरम चहानेही दुखते. पुढे कशाचेही निमित्त न होता दुखू लागते आणि रात्री आडवे झाले की वाढते. या वेळी मगजाला सूज आलेली असते. शरीराच्या इतर भागाला सूज आली तर तो फुगतो. मगज मात्र कठीण भिंतींच्या आत कोंडलेला असतो. त्याला फुगण्यास जागा नाही, म्हणून आतील दाब वाढतो. आडवे झाले की डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो, म्हणून ठणकाही वाढतो. रात्रीची दातदुखी हे नाटक नव्हे, त्याला असे शारीरिक कारण आहे. या पायरीवर दोनतीन दिवसांच्या आत दंतवैद्य गाठावा. नुसते भोक भरून आता भागत नाही. मगज काढून मुळाची नळी स्वच्छ करून भरावी लागते, त्यासच रूट कॅनाल म्हणतात. परंतु दात अजून वाचू शकतो.

तिसरी पायरी : चावताना कळ. गार-गरमाने दुखत नाही, पण भाकरीचा कडक पापुद्रा दाताखाली आला की जीव कळवळतो. दात किंचित उंच झाल्यासारखा वाटतो व बोटाने ठोकला तरी दुखतो. मुळाच्या टोकाशी जंतुदोष पोचल्याची ही बहुधा खूण असते. यात एक अपवाद ध्यानात ठेवावा. चावल्यावर दाब सोडतानाच जर तीक्ष्ण कळ येत असेल, तर दाताला चीर गेलेली असू शकते. सुपारी फोडणाऱ्या किंवा हरभरे-फुटाणे कडाकडा चावणाऱ्या मोठ्या माणसांत हे आढळते. चीर डोळ्यांना दिसत नाही. ती वाढून मुळापर्यंत गेली तर दात दुभंगतो. म्हणून येथेही विलंब नको.

थांबलेली कळ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आठवडाभर ठणकणारी दाढ एके दिवशी कोणताही उपचार न होता शांत होते. गार पाण्याने काही होत नाही, गरमाने काही होत नाही. घरात आनंद होतो. वास्तविक या वेळी मगज मेलेला असतो. कळ जाणवून देणारा चेतातंतूच उरला नाही, म्हणून कळ उरली नाही. जंतू मात्र जिवंत असतात. मेलेल्या मगजावर वाढत ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. काही वेळा तेथील पू हिरडीवर बारीकशी पुळी करून वाट काढतो. ती फुटते, भरते, पुन्हा फुटते आणि दुखत नाही. काही वेळा त्याला वाट सापडत नाही आणि सूज गालात किंवा जबड्याखाली पसरते.

आजी पारावर जे सांगत होती ते तिच्या दृष्टीने खरे होते. दुखणे थांबले होते. परंतु दुखणे थांबणे व रोग बरा होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गावाला आग लागल्याची घंटा वाजत असता घंटेची दोरी जळून तुटावी आणि घंटा थांबली म्हणून आग विझली असे लोकांनी समजावे, तसे हे आहे. हजेरीपटावर त्या मुलीची खूण पुन्हा नियमित होऊ लागली होती आणि दिवाळीनंतरची ती शांतता दोन महिने टिकली. त्या दोन महिन्यांत कोणत्याही दिवशी तिला दंतवैद्याकडे नेले असते तरी दाढ वाचण्याची बरीच आशा होती.

म्हणून शिक्षकाने एक नियम मनाशी पक्का करावा. दाढ दुखत होती व उपचाराशिवाय थांबली, असे कळताच निर्धास्त होण्याऐवजी अधिक सावध व्हावे.

दुधाची दाढ की कायमची

या प्रसंगातील दुसरी चूक वडिलांची होती व ती चूक सुशिक्षित घरांतूनही होते. दुधाचे दात वीस असतात. ते सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत क्रमाने पडतात व त्यांच्या जागी कायमचे येतात. परंतु सहाव्या-सातव्या वर्षी येणारी कायमची पहिली दाढ कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही. ती सर्वांच्या मागे, मोकळ्या जागेत, गाजावाजा न करता उगवते. काही पडले नाही, म्हणून काही नवे आले हे घरात कोणाला कळत नाही आणि ती दुधाचीच समजली जाते. तिच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. तेथे अन्न अडकते आणि मुलांच्या कायमच्या दातांपैकी कीड फार वेळा तिलाच लागते.

ती ओळखण्याची रीत सोपी आहे. समोरच्या दोन दातांच्या मधोमध आरंभ करून एका बाजूस मोजत जावे. पडलेल्या दाताची जागाही मोजावी. सहावा दात ही कायमची पहिली दाढ होय. पहिली-दुसरीच्या मुलांना आरशात एवढे मोजावयास शिकवले तर गणिताचा एक पाठ होतो व आरोग्याचाही.

मात्र दुधाची दाढ किडली तर काही बिघडत नाही, असा याचा अर्थ घेऊ नये. दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. तिच्या मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातास इजा पोचू शकते. ती वेळेपूर्वी गेली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात व मागाहून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही.

तात्काळ रुग्णालय केव्हा

पुढील लक्षणांपैकी एकही दिसले तर उद्याची वाट पाहू नये. गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे पसरणे. दातदुखीबरोबर ताप व ग्लानी येणे. तोंड पुरेसे न उघडणे. गिळता न येणे, लाळ गळणे किंवा आवाज बदलणे. श्वासास अडथळा होणे. खालच्या दाढांचा जंतुदोष जिभेखाली व गळ्यात उतरला तर श्वासमार्ग दाबला जाऊन जीव धोक्यात येतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 साली या विकाराचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. अशा वेळी दंतवैद्य कोठे मिळेल याचा शोध करीत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालय गाठावे.

मैदानावर पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो दात टाकून देऊ नये. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा; मुळाला हात लावू नये, घासू नये. माती लागली असल्यास दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर हलकेच धुवावा. मूल मोठे व शुद्धीवर असेल तर तो त्याच जागी बसवून रुमालावर चावून धरावयास सांगावे. ते जमत नसेल तर दात दुधाच्या पेल्यात ठेवून मुलासह दंतवैद्याकडे न्यावा. अर्ध्या तासात पोचल्यास दात पुन्हा रुजण्याची आशा चांगली असते. तासाहून अधिक काळ कोरडा राहिल्यास ती फार कमी होते. पडलेला दात दुधाचा असेल तर मात्र तो बसवू नये. पण मुलास दंतवैद्याला दाखवावे.

प्रौढांच्या बाबतीतही दोन गोष्टी जाणून असाव्यात. खालच्या जबड्यातील प्रत्येक दुखणे दाताचे नसते. चालताना किंवा श्रम करताना जबडा दुखू लागला, त्याबरोबर छातीत दडपण आले, घाम फुटला किंवा धाप लागली, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तेथे दंतवैद्याचा नव्हे, मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा. सर्दी-पडशानंतर वरच्या अनेक दाढा एकदम दुखत असतील व खाली वाकले असता दुखणे वाढत असेल, तर दोष बहुधा नाकाजवळच्या पोकळ्यांत असतो. अशा वेळी निरोगी दाढ उपटून घेण्याची घाई करू नये.

घरगुती उपायांविषयी

खेड्यात दंतवैद्य दाराशी नसतो. म्हणून घरगुती उपायांना सरसकट नावे ठेवणे न्याय्य नाही. कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरणे निर्धोक आहे. दातात अडकलेला अन्नाचा कण निघाल्यानेही कधीकधी कळ थांबते. लवंगेच्या तेलात बधिरता आणणारे द्रव्य खरोखरीच असते. मोठ्या माणसाने त्याचा एखादा थेंब कापसावर घेऊन दुखऱ्या दातावर लावावा. परंतु अधिक लावल्यास हिरडी भाजते आणि लहान मुलाच्या पोटात गेल्यास अपाय होतो. बाहेरून गालावर गार पाण्याची घडी ठेवावी. सूज असता गरम शेक देऊ नये. हे सारे उपाय दंतवैद्याकडे पोचेपर्यंत वेळ निभावण्याचे आहेत, त्याच्याऐवजी करावयाचे नव्हेत.

काही गोष्टी मात्र निश्चित टाळाव्यात. हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवल्याने हिरडी भाजते. मुलांना तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून अॅस्पिरिन पोटातही देऊ नये. वेदनाशामक गोळी द्यावयाची झाल्यास मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा आरोग्य केंद्रातून विचारून घ्यावी. दुकानातून जंतुनाशक गोळ्या आणून दोन दिवस घ्याव्यात व दुखणे थांबताच सोडाव्यात, हीही वाईट रीत आहे. मेलेल्या मगजात रक्त फिरत नाही. म्हणून पोटात घेतलेले औषध तेथे पोचत नाही व दोष जागच्या जागी राहतो.

मिश्रीविषयी बोलताना मात्र शब्द जपून वापरावेत. घरातील आजी, आई, चुलती पिढ्यान्‌पिढ्या मिश्री लावत आल्या आहेत. मुलाने वर्गात ऐकून घरी त्यांना अडाणी ठरवावे, असे होऊ नये. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तो हिरडीवर चोळल्याने दुखण्याची जाणीव काही काळ बोथटते, पण सवय जडते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते. केंद्र शासनाने 1992 सालीच दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. 2003 च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्रीही निषिद्ध ठरली. पालकसभेत हे सांगावे, परंतु आदराने सांगावे. विटेची भुकटी, कोळसा, राखुंडी यांनी दात पांढरे दिसतात, ते कवच घासले गेल्यामुळे. काही वर्षांनी त्याच दातांतून गार पाण्याची कळ येऊ लागते.

शाळेने काय करावे

खर्चाची किंवा मोठ्या योजनेची येथे गरज नाही. प्रत्येक वर्गशिक्षकाने एका वहीत 'दातांची नोंद' म्हणून एक पान राखावे. कोणत्याही मुलास कळ आल्याचे दिसले, मूल एका बाजूने चावताना आढळले किंवा दातदुखीमुळे गैरहजर राहिले, की त्याचे नाव, दिनांक आणि वर सांगितलेल्या चार प्रश्नांची उत्तरे दोन ओळींत लिहावीत. पालकांची गाठ त्याच आठवड्यात घ्यावी. कागदावर निरोप पाठवण्यापेक्षा प्रत्यक्ष भेटणे बरे. गावातील आशा सेविकेला बरोबर घेतल्यास आणखी बरे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याखाली आरोग्य पथक शाळेत तपासणीस येते व दातांचे विकार त्या तपासणीत अंतर्भूत आहेत. पथक आले की मुलांची रांग लावून मोकळे होऊ नये. हे पान पथकापुढे ठेवावे. ज्यांची नावे त्यावर आहेत त्यांना प्रथम दाखवावे व पुढे पाठवण्याची चिठ्ठी लगेच मागून घ्यावी. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी भेटतात, याची चौकशी वर्षारंभीच करून फलकावर लिहून ठेवावे. मजुरी बुडवून जाणाऱ्या बापाला चुकीच्या दिवशी परत यावे लागले, तर तो दुसऱ्या खेपेस जात नाही. दोनतीन मुले एकाच दिवशी न्यावयाची असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने त्यांच्या जाण्यायेण्याची सोय पाहावी.

प्रतिबंधाचे नियम थोडे आहेत. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी, असे दोन वेळा दात घासावेत. रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते व जंतूंना मोकळीक मिळते. फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ती थुंकावी, गिळू नये. गोड किती खाल्ले याइतकेच ते किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे आहे. जेवणाबरोबर खाल्लेल्या गुळाच्या खड्यापेक्षा दिवसभर चघळलेल्या चार गोळ्या दाताला अधिक घातक ठरतात, कारण प्रत्येक वेळी आम्लाचा नवा मारा होतो. वाढदिवसाला वर्गात गोळ्या वाटण्याऐवजी पेरू, बोरे किंवा शेंगदाणे वाटण्याची प्रथा शाळेला सहज पाडता येईल.

ती मुलगी आता नियमित शाळेत येते. उजव्या बाजूस खाली एक जागा रिकामी आहे व ती अजूनही डाव्या बाजूने जेवते. तिच्या गुरुजींनी वर्गात दातांची वही सुरू केली आहे. पहिल्याच महिन्यात तीत पाच नावे आली. त्यांतील एका मुलाने गार पाण्याने कळ येते एवढेच सांगितले होते. त्याच्या सहाव्या दाढेतील लहानसे भोक एका खेपेत भरून निघाले. त्याचे वडील म्हणाले, "एवढ्याशासाठी आलो व्हय!" एवढ्याशासाठीच जावयाचे असते.

शिक्षकाने वैद्य व्हावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. वेळेवर ओळखावे व वेळेवर पाठवावे, एवढेच त्याचे काम. मात्र ती वही राखताना एक पथ्य सर्वांनी पाळावे. दुखणे थांबल्याचे कळले म्हणून मुलाचे नाव वहीतून कमी करू नये. दंतवैद्याने दात पाहिला, हे कळल्यावरच त्या नावापुढे रेघ मारावी.